फेरफाराची नोंद : भूमिकाखेळांच्या कागदपत्रांविषयी

नाटकाची रंगावृत्ती, लेखकाची रोजनिशी, संपादकाशी झालेला पत्रव्यवहार, शाहिराचे बाड ही साहित्याच्या अभ्यासाची साधने आहेत, हे आता मराठीच्या वर्गात वेगळे पटवून द्यावे लागत नाही. कोणत्या कागदाला साधन म्हणावे आणि कोणत्या कागदाला रद्दी, याचा निर्णय मात्र आपण प्रत्येक वेळी नव्याने करीत असतो, आणि बहुधा उशिरा करतो. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांचे कागद सध्या या दोहोंच्या सीमेवर आहेत. ते कसे ठेवावेत हा प्रश्न वरवर पाहता टापटिपीचा वाटतो. आमच्या मते तो संपादनाचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो आपल्या कक्षेतला आहे.

हा खेळप्रकार ज्यांना परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. चारसहा माणसे एकत्र बसतात. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो. आपले पात्र काय बोलते, काय करते हे खेळणारा सांगतो. आणि जिथे निष्पत्ती अनिश्चित असते तिथे फासे टाकून निर्णय होतो. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. कथा पुढे जाते आणि पुढच्या बैठकीत तिथूनच सुरू होते. या प्रकाराचा आद्य ग्रंथ म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. तो १९७४ साली अमेरिकेत तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने, एका पेटीत घालून प्रसिद्ध झाला. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्यात फासे आणि नकाशे घेऊन युद्धाचे खेळ खेळले जात. सेनापतीच्या खेळातून एकेका माणसाच्या भूमिकेचा खेळ निर्माण झाला, हे स्थित्यंतर साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षात घेण्याजोगे आहे.

या खेळाला तीन प्रकारची सामग्री लागते. पहिली म्हणजे पात्रपत्रक, ज्याला मुले 'कॅरेक्टर शीट' म्हणतात. त्यावर पात्राचे नाव, बळ, बुद्धी, चपळता इत्यादी गुणांचे आकडे, जवळच्या वस्तू, झालेल्या जखमा असा तपशील असतो. दुसरी म्हणजे फासे. चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे. तिसरी म्हणजे टिपणे. मूळ नियमपुस्तक छापील असते आणि जगभर सारखेच असते. ही तीन साधने मात्र त्या त्या गटाची स्वतःची असतात. जे काही नवे निर्माण होते ते यांतच असते.

आमच्या महाविद्यालयात परंडा तालुक्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी पाचजणांचा एक गट गेली तीन वर्षे हा खेळ मराठीतून खेळत आहे. त्यांतले दोघे सोनारीचे असल्यामुळे सुट्टीतल्या बैठका तिथेच होतात. सोनारी हे काळभैरवनाथाचे स्थान. चैत्रात तिथे मोठी यात्रा भरते, आणि मंदिराच्या परिसरातली माकडेही तितकीच प्रसिद्ध आहेत. उघड्यावर ठेवलेला कागद तिथे फार वेळ टिकत नाही. त्यामुळे या गटाचे सगळे दप्तर पहिल्यापासून एका पत्र्याच्या पेटीत आहे, आणि केवळ त्या कारणाने ते आम्हांला सलग पाहायला मिळाले.

या मुलांनी परदेशी ड्रॅगन आणि किल्ले बाजूला ठेवले आणि स्वतःच्या परिसरातला इतिहास घेतला. विजापूरच्या बुरुजावर आज जी 'मुलुख-ए-मैदान' तोफ आहे ती १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली, पुढे परंड्याच्या किल्ल्यात होती, आणि १६३२ साली ती परंड्याहून विजापूरला नेण्यात आली. सुमारे पंचावन्न टन वजनाची ही तोफ सीना आणि भीमा ओलांडून कशी गेली असेल, हा त्यांच्या खेळाचा विषय. पात्रे सगळी कल्पित आहेत : गाड्याची चाके सांभाळणारा एक सुतार, सोनारीचा एक गुरव, एक बहुरूपी आणि बैलांचा दाणावैरण पुरवणारी एक विधवा. तोफ पोहोचणार हे इतिहासाने ठरवलेले आहे. या चौघांचे काय होणार हे ठरलेले नाही. ऐतिहासिक कादंबरीची हीच तर मूलभूत अडचण असते, आणि ती या मुलांनी आपणहून शोधून काढली याचे आम्हांला अप्रूप वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. पात्रपत्रक सर्वसाधारणपणे पेन्सिलीने लिहितात आणि खोडरबराने पुसतात. जखम झाली की आकडा पुसायचा, बरी झाली की पुन्हा लिहायचा. दहाबारा बैठकांनंतर कागद झिजतो, मग नव्या कागदावर नक्कल करून जुना टाकून देतात. याचा परिणाम असा की पत्रकावर पात्राची केवळ आजची स्थिती उरते. ते तिथवर कसे आले याचा मागमूस राहत नाही. कथात्म साहित्याच्या अभ्यासात ज्याला आपण पात्राचा विकास म्हणतो, नेमका तोच पुसला जातो.

यावरचा उपाय आपल्या गावगाड्यात पूर्वापार आहे. सातबाराचा उतारा सर्वांनी पाहिलेला असतो. जमीन एकाकडून दुसऱ्याकडे गेली की जुन्या खातेदाराचे नाव खोडून नाहीसे करीत नाहीत. पूर्वी त्याला कंस करीत आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहीत. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा उघडला की खरेदी, वारसा, वाटणी यांपैकी काय घडले ते कळते. म्हणजे एका कागदावर आजची स्थिती, दुसऱ्यावर बदलाचे कारण, आणि दोहोंना जोडणारा एक आकडा. पात्रपत्रकाची व्यवस्था अशीच असावी, असे आम्ही सुचवतो. क्षणोक्षणी बदलणारे आकडे एका वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने खुशाल लिहावेत आणि पुसावेत. परंतु जे क्वचित बदलते, म्हणजे पात्राची नाती, त्याच्या शपथा, त्याची कर्जे, त्याचे कायमचे व्यंग, ते शाईने लिहावे. बदलले तर कंस करावा आणि बैठकीचा क्रमांक घालावा. सोनारीच्या गटातल्या सुताराच्या पत्रकावर 'उजवा हात निकामी' अशी नोंद आहे आणि तिच्यापुढे ९ हा आकडा आहे. नवव्या बैठकीचे टिपण काढले की सीनेच्या वाळूत रुतलेल्या गाड्याखाली तो हात कोणाला वाचवताना गेला ते समजते. आकडा नसता तर ते व्यंग सुरुवातीपासूनच ठरवलेले होते, असे पुढच्या वाचकाने धरून चालले असते.

फाशांची व्यवस्था तुलनेने सोपी आहे, पण तिच्याकडेही तुच्छतेने पाहू नये. सात फाशांचा एक संच असतो. तो प्रत्येकाने आपल्या पिशवीत वेगळा ठेवावा, बैठकीच्या आधी आणि नंतर मोजावा, आणि फासे टाकण्यासाठी मध्ये एक परात घेऊन तिच्यात जाड फडके अंथरावे. म्हणजे आवाज होत नाही आणि फासा घरंगळून जात नाही. हा झाला व्यवहार. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की निर्णायक फाशाचा आकडा लिहून ठेवावा. सहा बाजूंचे तीन फासे एकत्र टाकले तर २१६ प्रकारे पडू शकतात. त्यांत बेरीज अठरा होण्याचा प्रकार एकच, दहा होण्याचे सत्तावीस. वीस बाजूंच्या फाशावर मात्र प्रत्येक आकडा सारख्याच शक्यतेने येतो. म्हणून कोणता फासा टाकला आणि काय पडले हे कळल्याशिवाय एखादी घटना अपेक्षित होती की विलक्षण, हे सांगता येत नाही. लेखकाने घडवलेला योगायोग आणि फाशाने घडवलेला योगायोग यांत फरक आहे. पहिल्यासाठी आपण लेखकाला जाब विचारतो; दुसऱ्याच्या बाबतीत त्या आकड्याचे खेळणाऱ्यांनी काय केले, हा प्रश्न उरतो. समीक्षेला हा फरक करता यावा असे वाटत असेल तर तो आकडा कागदावर असला पाहिजे.

टिपणांचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे. प्रत्येक बैठकीची तीन टिपणे असू शकतात : सूत्रधाराने आधी योजलेले, बैठक चालू असताना कोणीतरी घाईघाईने उतरवलेले, आणि नंतर सावकाश लिहिलेले. आमच्या विद्यार्थ्यांना सवय असते ती या तिन्हींचे मिळून एक 'फेअर' करण्याची. शाळेपासून आपणच ती लावलेली आहे. फेअर वहीत काय गळते याचे एक उदाहरण या पेटीतच आहे. गाड्याचे चाक निखळण्याचा प्रसंग खेळायचा होता, तेव्हा सुताराची भूमिका करणारा विद्यार्थी गावातल्या एका वृद्ध सुताराला भेटून आला. बैठकीच्या घाईच्या टिपणात धाव, आरे, आख, जू, शिवळ हे शब्द आहेत, आणि धाव सुटण्याआधी चाक कसे वाजते याचे त्याच माणसाच्या तोंडचे वर्णन आहे. नंतरच्या फेअर वहीत तिथे एवढेच वाक्य उरले की चाकाची लोखंडी पट्टी निघाल्याने गाडा थांबला. वाक्य शुद्ध आहे, आणि चाकाविषयी त्यातून काहीही कळत नाही. बैलगाडीच ज्या पिढीने क्वचित पाहिली तिच्या वहीत हे शब्द खेळाच्या निमित्ताने आले होते, आणि आमच्याच शिस्तीने ते बाहेर घालवले.

इथे मराठी गद्याच्या आरंभीच्या इतिहासाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. महानुभाव परंपरेनुसार पुढे धामधुमीच्या काळात मूळ पोथी हरवली आणि ज्यांना ती पाठ होती त्यांच्या स्मरणातून लीळाचरित्र पुन्हा सिद्ध करावे लागले. हे काम करताना त्या मंडळींनी जी शिस्त पाळली ती आजही थक्क करणारी आहे. एकाची आठवण दुसऱ्याहून वेगळी निघाली तर तिचा बळी दिला नाही. 'वासना' म्हणून तो भेद नोंदवून ठेवला. त्यामुळे आज आपल्याला पाठभेदासह ग्रंथ वाचता येतो. आणि योगायोग असा की, ज्या हरपाळदेवाच्या वृत्तान्तापासून चक्रधरांचे चरित्र उलगडते त्या वृत्तान्तात द्यूतातली हार ही संसाराच्या विरक्तीला निमित्त झालेली आहे. लीळाचरित्राची बरोबरी कोणत्याही खेळाच्या वहीशी करण्याचा आमचा हेतू नाही. मात्र अनेकांच्या आठवणीतून एक कथन उभे करायचे असेल तर मतभेद पुसू नयेत, ही पद्धत मराठीला सातशे वर्षांपासून ठाऊक आहे, एवढे निश्चित. पाचजणांनी पाच टिपणे लिहिली आणि ती जुळली नाहीत, तर पाचही ठेवावीत.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि आमच्याच विभागात तो घेतला गेला. खेळ ही क्षणजीवी कला आहे. तिची दप्तरे ठेवू लागलो की ती मरते. मौखिक परंपरांना कागदाची गरज कधी पडली? या संदर्भात कोकणातल्या दशावताराचा दाखला दिला जातो, आणि तो योग्यही आहे, कारण आपल्याकडे भूमिकाखेळाच्या सर्वांत जवळचा जिवंत प्रकार तोच आहे. तिथे संवादांची लिखित संहिता नसते. आख्यान काय, कोणी कोणते पात्र घ्यायचे, प्रवेशांचा क्रम काय, एवढे ठरते आणि नट उभ्या उभ्या बोलतात. जपले जाते ते सामान. मुखवटे, आयुधे, वेश ज्यात राहतात तो पेटारा. त्याची पूजा होते. मग आपण पेटारा सांभाळावा, कागदाचा आग्रह कशाला?

आक्षेपातले तथ्य आम्ही मान्य करतो, निष्कर्ष मान्य करीत नाही. दशावतारात संहिता लिहिलेली नसली तरी ती सांभाळणारी व्यवस्था आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालणारी मंडळे आहेत, जत्रांचा ठरलेला फेरा आहे, जुन्या नटाशेजारी उभे राहून शिकणारा नवा नट आहे, आणि बोलताना चुकला तर ओळखणारा प्रेक्षक आहे. आमच्या पाच विद्यार्थ्यांपाशी यांतले काय आहे? पदवी संपताच दोघे स्पर्धापरीक्षेच्या तयारीसाठी पुण्याला गेले. एकाने फोन बदलला आणि त्यातली दीड वर्षाची टिपणे गेली. सूत्रधार असलेली विद्यार्थिनी लग्नानंतर कुठे असेल हे तिलाही सांगता येत नाही. ज्यांच्यामागे मंडळ नाही, जत्रा नाही, घराणे नाही, त्यांच्यासाठी ते काम कागदालाच करावे लागते. मौखिकतेचा गौरव करणाऱ्यांनी ती टिकवणारी माणसेही मोजावीत.

दुसरा आक्षेप दर्जाचा आहे : हे पोरखेळ आहेत, यांतून साहित्य निर्माण होते काय? जपानमधले उदाहरण येथे उपयोगी पडेल. तिथे अशा खेळांच्या बैठकांचे लिखित वृत्तान्त 'रिप्ले' या नावाने नियतकालिकांतून छापले जातात. १९८६ साली र्‍यो मिझुनो यांनी सूत्रधार म्हणून चालवलेल्या खेळाचे असे वृत्तान्त एका मासिकातून येऊ लागले, आणि त्याच कथानकावर आधारलेली 'लोडोस'ची कादंबरीमाला १९८८पासून सुरू झाली. वृत्तान्त हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार ठरला, कारण कोणीतरी टिपणे टाकून दिली नव्हती. अर्थात, आमचा युक्तिवाद यशस्वी कादंबरीवर अवलंबून नाही. सोनारीच्या पेटीतून कादंबरी निघाली नाही तरी विशीतली पाच माणसे आपल्या तालुक्याचा इतिहास, बोली आणि भय यांविषयी तीन वर्षे काय बोलत होती, याचे ते साधन आहे. असे साधन मागाहून तयार करता येत नाही.

म्हणून काही ठोस सूचना मांडतो. गटाने प्रत्येक बैठकीला क्रमांक आणि दिनांक द्यावा, आणि तोच क्रमांक पत्रकावर, फाशांच्या नोंदीत व टिपणांत वापरावा. कच्चे टिपण फेअर झाल्यानंतरही जपावे. पात्रांची, स्थळांची आणि वेगळ्या शब्दांची एक अकारविल्हे यादी शेवटच्या पानांवर करीत जावे; शब्द कोणाकडून मिळाला तेही लिहावे. सूत्रधाराने योजलेले आणि प्रत्यक्षात न आलेले प्रसंग वेगळ्या पाकिटात ठेवावेत, कारण न घडलेल्या शक्यता हाही या कथनाचा भाग आहे. फोनवरच्या टिपणांची महिन्यातून एकदा कागदावर प्रत काढावी. वर्षाअखेरीस एक संपूर्ण प्रत गटाबाहेरच्या कोणाकडे तरी राहावी. आणि यातले काहीही बाहेर दाखवण्यापूर्वी खेळलेल्या प्रत्येकाची संमती घ्यावी. भूमिकेच्या आडोशाने माणूस जे बोलतो ते कित्येकदा त्याचे स्वतःचे असते, आणि ते जाहीर करायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क त्याचाच आहे.

उरलेली जबाबदारी विभागांची आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रीय प्रकल्प करावा लागतो. दरवर्षी आपल्यापुढे जात्यावरच्या ओव्यांचे आणि ग्रामदैवतांचे ठरावीक साच्यातले अहवाल येतात, आणि त्यांतले पुष्कळसे एकमेकांवरून उतरवलेले असतात हे आपल्याला ठाऊक असते. त्यांच्या जागी एखाद्या गटाने आपल्या खेळाचे क्रमवार लावलेले दप्तर, शब्दयादी आणि चारपाच पानांची संपादकीय प्रस्तावना सादर केली, तर ती स्वीकारण्यास कोणती अडचण आहे? पाठभेद म्हणजे काय हे त्या विद्यार्थ्याला वेगळे शिकवावे लागणार नाही. आपल्याच चार मित्रांची चार टिपणे समोर ठेवून त्याने तो प्रश्न सोडवलेला असेल.

सोनारीच्या गटाची तोफ अजून भीमेच्या अलीकडे आहे. दोघे पुण्यात असल्याने पुढची बैठक कधी होईल हे ठरलेले नाही. पेटी मात्र विभागाच्या कपाटात आली आहे आणि तिच्यातल्या कागदांना क्रमांक घालण्याचे काम सुरू झाले आहे. अन्य महाविद्यालयांतल्या सहकाऱ्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना एकदा विचारून पाहावे. असे खेळ अन्यत्रही चालू असणार, आणि त्यांचे कागद दर उन्हाळ्यात रद्दीत जात असणार.